दोन तुकड्यांचे जनुक आणि साठ वर्षांची गोळी

पोटात मुरडा धरला, आव पडू लागली की आपल्याकडे बहुतेक जण आधी मेडिकलचे दुकान गाठतात, आणि चिठ्ठी न विचारता तिथे मेट्रोनिडॅझोल मिळते. कुणी तिला फ्लॅजिल म्हणतो, कुणी मेट्रोजिल. जिभेवर दिवसभर रेंगाळणारी तिची धातूसारखी चव घराघरांत ओळखीची आहे. फ्रान्सच्या रोन-पूलँक कंपनीने ही गोळी १९६० च्या सुमारास आणली ती ट्रायकोमोनास या जननमार्गातल्या परजीवीसाठी. आतड्यातल्या जिआर्डियावर आणि आमांश करणाऱ्या अमिबावरही ती चालते, हे पुढच्या काही वर्षांत कळत गेले. नंतर टिनिडॅझोल, ऑर्निडॅझोल, सेक्निडॅझोल अशी तिची भावंडे आली. पण या कुळाबाहेरचे, तिच्याइतके भरवशाचे औषध साठ वर्षांत आलेले नाही.

तो भरवसाही आता ढळू लागला आहे. लंडनच्या हॉस्पिटल फॉर ट्रॉपिकल डिसीझेसने आपल्याकडे आलेल्या जिआर्डियाच्या रुग्णांची नोंद तपासली. या कुळातल्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचे प्रमाण २००८ मध्ये सुमारे १५ टक्के होते, ते २०१३ मध्ये सुमारे ४० टक्क्यांवर गेले. दाद न देणाऱ्यांपैकी बहुसंख्य भारतात जाऊन आलेले होते. आपल्या पाण्यातला जिआर्डिया औषधाला जुमानेनासा झाला आहे, हे लंडनच्या दवाखान्यात मोजले गेले. आपल्याकडे जुलाबाच्या रुग्णाची शौचतपासणी मुळातच क्वचित होते. औषध संपल्यावर परजीवी खरोखर गेला का, हे पाहण्यासाठी दुसरी तपासणी तर जवळजवळ कुणीच करत नाही. रुग्णाला बरे वाटले नाही तर तो दुसरीकडे जातो, आणि तिथे त्याला तीच गोळी पुन्हा मिळते.

या पार्श्वभूमीवर ‘परजीवीच्या पेशीत औषधासाठी नवे लक्ष्य सापडले’ अशी बातमी आली की दिलासा वाटतो. परजीवींवरच्या अक्षरशः शेकडो शोधनिबंधांचा शेवट याच वाक्याने होतो. वाक्य खोटे नसते. पण अशा लक्ष्यांचा ढीग साठला आणि गोळी मात्र तीच राहिली, याचा अर्थ अडचण लक्ष्यांच्या टंचाईची नाही. परजीवी एकंदर जगतो कसा हे पुरते कळायच्या आधीच आपण लक्ष्य जाहीर करतो, आणि जाहीर केल्यानंतर ते औषधापर्यंत नेणारे कुणी उरत नाही. या दोन्ही गोष्टी जिथे स्पष्ट दिसतात अशी एक जागा बंगळूरात आहे.

यशवंतपूर म्हटले की आपल्याला रेल्वेस्थानक आठवते, नाहीतर बाजारसमितीचे ते अवाढव्य आवार, जिथे महाराष्ट्रातून गेलेला कांदा ट्रकांतून उतरतो. तिथून थोड्याच अंतरावर, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३७१ एकर जमिनीवर, १९०९ मध्ये स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे. आसपासचे लोक तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. तिच्या जैवरसायन विभागात उत्पल टाटू यांच्या प्रयोगशाळेने जिआर्डियाच्या एका प्रथिनावर बरीच वर्षे काम केले. मला ते आपल्या देशातल्या परजीवीशास्त्रातले फार सुंदर काम वाटते.

हे प्रथिन म्हणजे एचएसपी-९०. पेशीत तयार होणाऱ्या कितीतरी प्रथिनांना योग्य घडी पडावी म्हणून ते मदत करते. ताप, उपासमार, ऑक्सिजनचा फरक अशा ताणात तर त्याच्यावाचून पेशीचे चालतच नाही. माणसात त्याचे जनुक सलग आहे. जिआर्डियात मात्र ते दोन तुकड्यांत आढळते, आणि हे तुकडे एकमेकांपासून ७७७ हजार अक्षरे दूर आहेत. जनुकसंच वाचणाऱ्याला वाटावे की वाचताना चूक झाली असेल, नाहीतर जनुक मोडीत निघाले असेल. टाटू यांच्या गटाने तो भाग पुन्हा वाचला, तुकडे खरोखरच वेगळे असल्याची खात्री केली आणि मग पेशीत प्रथिन शोधले. ते अखंड सापडले. २०११ मध्ये त्यांनी दाखवून दिले की दोन तुकड्यांवरून दोन वेगवेगळे आरएनए-संदेश निघतात आणि पेशी ते एकत्र सांधून एक संदेश करते. दोन्ही संदेशांच्या टाकाऊ भागांत एकमेकांना पूरक अशी २६ अक्षरे आहेत. सांधा जुळवताना त्यांचाच आधार मिळत असावा, असे त्यांचे अनुमान आहे.

पाठ्यपुस्तकी हिशेबाने हे नामी लक्ष्य ठरते. प्रथिन जगण्यासाठी आवश्यक, आणि ते तयार करण्याची परजीवीची रीत माणसात नाही. गोष्ट इथे थांबली असती तर ‘नवे लक्ष्य’ या ढिगात आणखी एकाची भर पडली असती. पण त्याच प्रयोगशाळेने पुढचा प्रश्न विचारला: हे प्रथिन रोखले तर जिआर्डिया नेमके काय करतो? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर चकित करणारे होते. प्रथिनाचे काम दाबले की परजीवी कोष बांधण्याकडे वळतो. २०१५ मध्ये संशोधक आलोक भट्टाचार्य यांच्यासह केलेल्या कामात अमिबाच्या बाबतीतही तेच दिसले. एचएसपी-९० जोमात असताना अमिबा कोषावस्थेत जात नाही, ते मंदावले की जातो.

याचे गांभीर्य समजायला कोष म्हणजे काय ते लक्षात घ्यावे लागेल. आतड्यात पोहणारा, भित्तीला चिकटणारा, रोग करणारा जिआर्डिया शरीराबाहेर पडला की फार काळ तगत नाही. कोषातला जिआर्डिया थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरिनलाही बराच पुरून उरतो आणि दुसऱ्या माणसाच्या पोटात गेल्यावर जागा होतो. म्हणजे एखादे औषध या प्रथिनाला पुरते न मारता नुसते दाबेल, तर रुग्णाचे जुलाब थांबतील आणि त्याच्या शौचातून बाहेर पडणारे कोष मात्र वाढतील, अशी शक्यता विचारात घ्यावी लागते. हे निष्कर्ष काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचे आहेत. माणसाच्या आतड्यात तसेच घडते हे अजून सिद्ध झालेले नाही. तरीही औषध बनवू पाहणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा, आणि तो सुचतो तो केवळ कुणीतरी कोषाची जीवशास्त्रीय बाजू धीराने अभ्यासली म्हणून. पेशीशास्त्राची खरी किंमत मला इथे दिसते. ते लक्ष्य सुचवते, आणि त्याच लक्ष्यात दडलेला धोकाही आधीच सांगते.

कोषाची ही डोकेदुखी जुनीच आहे. मेट्रोनिडॅझोल आतड्याच्या वरच्या भागातच रक्तात शोषले जाते. त्यामुळे यकृतातल्या गळवापर्यंत ते उत्तम पोचते, पण मोठ्या आतड्याच्या पोकळीतले कोष वाचतात. म्हणून अमिबाच्या रुग्णाला त्यानंतर डायलोक्सानाइडसारखे, पोकळीत काम करणारे दुसरे औषध द्यायचे असते. हा दुसरा टप्पा आपल्याकडे सर्रास राहून जातो. रुग्णाला बरे वाटते आणि तो कामावर जातो. तो हॉटेलात कणीक मळत असेल किंवा शाळेत खिचडी वाढत असेल, तर पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको.

आता त्या पाठ्यपुस्तकी हिशेबाकडे वळू. ‘परजीवीकडे आहे आणि माणसाकडे नाही असे काहीतरी शोधा, त्यावर औषध बनवा’ हे सूत्र इतके तर्कशुद्ध वाटते की त्याच्यावर शंका घ्यायचे सुचत नाही. पण आजवर उपयोगी पडलेल्या औषधांचा इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही. इपेकॅकच्या मुळातले एमेटिन कोलकात्यात लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये टोचून द्यायला सुरुवात केली, आणि आमांशाने होणारे मृत्यू त्याने थोपवले. ते प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमवर घाव घालते. रायबोसोम आपल्यातही आहेत, म्हणूनच ते हृदयाला बाधायचे. अल्बेंडाझोल जंतांच्या ट्युब्युलिनला धरते. ट्युब्युलिन आपल्या प्रत्येक पेशीत आहे. दोघांच्या ट्युब्युलिनमधला थोडासा फरक आणि औषध शरीरात पसरण्याची रीत यांवर सगळे अवलंबून असते. मेट्रोनिडॅझोलला तर एकच एक लक्ष्य असे नाही. ऑक्सिजनविना जगणारा परजीवी आपल्या ऊर्जाव्यवहारातले इलेक्ट्रॉन या रेणूच्या नायट्रो गटाला देतो आणि निरुपद्रवी रेणूचे विषात रूपांतर स्वतःच करतो. माणसाच्या पेशीत ऑक्सिजन असल्याने ते होत नाही. इथे औषधाला यश आले ते परजीवीच्या जगण्याच्या तऱ्हेमुळे. यांपैकी कुठलेही औषध आधी लक्ष्य ठरवून केलेले नव्हते. औषध आधी आले आणि ते का चालते हे पुष्कळ नंतर उमगले.

यावरून लक्ष्य शोधूच नये असे म्हणायचे नाही. कोणत्या लक्ष्यावर किती विश्वास टाकायचा, हा प्रश्न आहे. मलेरियाचा परजीवी रक्तातला, आतड्यातला नव्हे. पण याच बाबतीत बंगळूरच्या दोन संस्थांनी जो अनुभव घेतला तो इथे सांगणे भाग आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गोविंदराजन पद्मनाभन यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवले की मलेरियाचा परजीवी लाल रक्तपेशीत राहूनही स्वतःचे हीम स्वतः तयार करतो, आणि हीम तयार होण्याची ही साखळी औषधाचे लक्ष्य होऊ शकते. पुढे परजीवीतली जनुके काढून टाकण्याचे तंत्र हाती आले. २०१३ मध्ये त्याच गटाने ती जनुके काढून पाहिली. रक्तातला परजीवी त्यांच्याशिवाय जगला, कारण रक्तपेशीतले हीम त्याच्या मदतीला होते. डासातल्या आणि यकृतातल्या अवस्थांत मात्र त्याला ती साखळी लागतच होती. स्वतःच मांडलेल्या लक्ष्याची मर्यादा एकवीस वर्षांनी स्वतःच दाखवून देणे, हे विज्ञानाचे फार उंच काम आहे. वर्तमानपत्रांत त्याला पहिल्या बातमीइतकी जागा मिळाली नाही.

जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये नमिता सुरोलिया यांनी २००१ मध्ये दाखवले की साबण-टूथपेस्टमधले ट्रायक्लोसान मलेरियाच्या परजीवीला मारते, आणि मेदाम्ले बनवणारे एक विकर हे त्याचे लक्ष्य आहे. पुढे इतर देशांतल्या गटांनी त्या विकराचे जनुक काढले. रक्तावस्थेतल्या परजीवीला फरक पडला नाही, यकृतावस्थेत पडला. ट्रायक्लोसान परजीवीला मारते हे खरेच राहिले, ते कशामुळे मारते याचे उत्तर बदलले. लक्ष्य सिद्ध करायचे तर जनुक काढून किंवा त्याचा आवाज बंद करून पाहायला लागते, आणि तेही परजीवीच्या प्रत्येक अवस्थेत. आतड्यातल्या परजीवींच्या बाबतीत हे काम कितीतरी अवघड आहे. जिआर्डियात दोन केंद्रके असतात आणि प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात. आमांशाचा अमिबा प्रयोगशाळेत नीट कोष बांधत नाही. म्हणून कोषाचा अभ्यास सरपटणाऱ्या प्राण्यांतल्या त्याच्या एका भावकीतल्या अमिबावर करावा लागतो. जुलाब करणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या आणखी एका परजीवीच्या जनुकांत फेरफार करणे तर २०१५ पर्यंत जमलेच नव्हते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मनापासून पटतो. आतड्यातल्या परजीवींचे मूळ घाणेरड्या पाण्यात आहे, मग रेणूंच्या मागे कशाला लागायचे? नारूचे उदाहरण आपल्याच दारातले आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी पायातून निघणारा तो धाग्यासारखा किडा पाहिला. नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. पायऱ्यांच्या विहिरी बुजवून, हातपंप बसवून, पाणी फडक्याने गाळून भारताने तो संपवला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट मला सांगता येत नाही.

पण नारूची वाट एकच होती. तो पिण्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म जलजीवातूनच पोटात जायचा, आणि ती वाट बंद करता आली. जिआर्डिया, अमिबा आणि क्रिप्टोस्पोरिडियम पाण्यातून येतात, तसे हातांवरून, भाजीवरून, पाळणाघरातल्या लहान मुलांमधूनही येतात. शिवाय क्लोरिनचे पाणी पुरेसे नसते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात प्रक्रिया केलेल्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. जलवाहिन्या, गटारे, स्वच्छतागृहे यांसाठीचा प्रत्येक रुपया योग्यच आहे. पण ती पुरी होईपर्यंत जे मूल आज आजारी आहे त्याला औषध लागेल. ती पुरी झाल्यावरही लागेल.

शाळा-अंगणवाड्यांतल्या जंतनाशक दिनाकडेही मी याच नजरेने पाहतो. २०१५ पासून वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. हा कार्यक्रम चांगला आहे, चालू राहिला पाहिजे. पण चाबूककृमीवर त्या एका गोळीचा प्रभाव कमी पडतो, आणि मेंढ्यांच्या जंतांत ट्युब्युलिनमधल्या एकाच अमिनो आम्लाच्या बदलाने अल्बेंडाझोलच्या कुळातली औषधे निकामी झाल्याचे जगभर दिसले आहे. कोट्यवधी मुलांना एकाच रेणूवर विसंबून ठेवायचे तर पुढचा रेणू आत्तापासून तयारीत हवा.

तो कोण आणणार? मुंबईत, गोरेगावला, सिबा कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. टी. आर. गोविंदाचारी त्याचे पहिले संचालक. रसायनज्ञ, जीवशास्त्रज्ञ, प्राण्यांवर चाचणी करणारे आणि डॉक्टर एकाच आवारात काम करत. के. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अमिबावर चालणारे सॅट्रानिडॅझोल घडवले आणि ते भारतीय बाजारात आलेही. कुळ मेट्रोनिडॅझोलचेच, तरी रेणू इथला होता आणि रोगही इथला. पुढे ते केंद्र बंद झाले. बंगळूरात अॅस्ट्राझेनेकाचे केंद्र क्षय आणि मलेरियासारख्या गरिबांच्या रोगांवर काम करत होते, ते कंपनीने २०१४ मध्ये बंद करायचे ठरवले. दोन्ही वेळी निर्णय परदेशी मुख्यालयात झाला आणि कंपनीच्या हिशेबाने तो बरोबरही असेल. आमांशाच्या रुग्णाकडून नफा मिळत नाही. म्हणूनच ही जबाबदारी सरकारी पैशाची आहे असे मी म्हणतो. जे बंद पडले ते पुन्हा कंपन्या उघडतील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

सगळे टप्पे एका कामात जोडले की काय होते याचे उदाहरण सिंगापूरचे आहे. नोव्हार्टिसच्या तिथल्या तेव्हाच्या संस्थेने २०१७ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियमच्या लिपिड-कायनेझ या विकरावर मारा करणारा रेणू जाहीर केला. हेच लक्ष्य आधी मलेरियात सापडले होते, दोन्ही परजीवी एकाच घराण्यातले. पेशीतला परिणाम, उंदीर, मग जुलाब झालेली वासरे, असा पूर्ण पल्ला त्या एका कामात आहे. त्या निबंधाचे पहिले लेखक उज्जिनी मंजुनाथ हे आधी यशवंतपूरशेजारच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जिवाणूंच्या गायरेझ या विकरावर काम करत होते. माणसे आपल्याकडे तयार होतात. पल्ला पूर्ण करायला मात्र त्यांना बाहेर जावे लागते.

आपल्याकडे याची सुरुवात कुठून करायची, याचे माझे उत्तर अगदी साधे आहे, आणि ते रेणूंपासून सुरू होत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत अमिबावरचे बहुतेक काम १९६७ मध्ये मेक्सिकोतल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या वाणावर चालते. जिआर्डियाच्या नेहमीच्या वाणाचा माग अफगाणिस्तानात संसर्ग झालेल्या एका प्रवाशापर्यंत जातो. हे वाण इतकी वर्षे भांड्यांत वाढवले गेले आहेत की ते खऱ्या रुग्णातल्या परजीवीसारखे कितपत उरलेत हाच प्रश्न आहे. बाजारसमितीच्या आवारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाच्या पोटातला जिआर्डिया, मल्लेश्वरमच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या मुलाचा अमिबा, पुणे-सोलापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधाला दाद न देणारा नमुना, यांतले काहीच या प्रयोगशाळांपर्यंत पोचत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांनी रुग्णाच्या संमतीने असे नमुने घ्यावेत, उपचाराचा परिणाम दुसऱ्या तपासणीने नोंदवावा, परजीवी वाढवून गोठवून ठेवावेत आणि कुठल्याही विद्यापीठाला ते द्यावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद क्षय आणि मलेरियासाठी अशी व्यवस्था करू शकते, तर जुलाबाच्या परजीवींसाठीही करू शकते. ज्या रेणूची चाचणी व्हायची ती या नमुन्यांवर व्हावी, पोहणाऱ्या अवस्थेवर आणि कोषावरही, आणि अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी असावेत. एचएसपी-९० दाबणारा रेणू कोष वाढवतो असे या नमुन्यांत दिसले, तर कोषाची भिंत बांधू न देणारा दुसरा रेणू त्याच्या जोडीला शोधता येईल. अमिबाच्या कोषाची भिंत कायटिनची, जिआर्डियाची एका वेगळ्या शर्करेची, आणि माणूस यांपैकी कुठलीच भिंत बांधत नाही.